कल्हईचा जोड

‘प्लग गरम होतोय’ ही तक्रार हल्ली माणसं करत नाहीत, मीटर करतं. माणसांच्या हाती ती होती तेव्हा बहुतेकदा उशीर झालेला असायचा. पिन चटका देऊ लागली तरी लोक दोन दिवस ती फडक्याने धरून काढायचे. जळका वास यायला लागला की मग वायरमनला फोन.

आठ वर्षांपूर्वी शहरांतल्या आणि तालुक्याच्या गावांतल्या स्वयंपाकघरांतून गॅस सिलिंडर गेले. आता प्रत्येक ओट्यावर इंडक्शन शेगडी असते. जो पंधरा अँपिअरचा पॉइंट पूर्वी कधीमधी ओव्हन चालवायचा, तो रोज तीन-तीन तास दोन हजार वॅट ओढतो. सॉकेटच्या मागे तार जिथे स्क्रूखाली दाबलेली असते, त्या जागेचा रोध एक दशांश ओहम झाला, तरी तिथे साडेसात वॅट उष्णता तयार होते. साडेसात वॅट म्हणजे झिरोच्या दिव्याइतकी. पण ती हरभऱ्याएवढ्या जागेत, बंद डबीत तयार होते आणि तिला बाहेर जायला वाट नसते. म्हणून नवं मीटर आलं.

कुंभाराकडे मडकं घेताना बायका त्यावर टिचकी मारून बघतात. चिरलेलं मडकं बद्द वाजतं. नवं मीटर घराच्या वायरिंगशी हेच करतं. दर सेकंदाला ते तारांमधून एक सूक्ष्म स्पंद सोडतं. जिथे तार स्क्रूला टेकते किंवा पिन सॉकेटच्या पातीला टेकते, तिथून त्या स्पंदाचा थोडा भाग प्रतिध्वनीसारखा परत येतो. घट्ट, थंड जोडाचा प्रतिध्वनी वेगळा आणि तापलेल्या जोडाचा वेगळा. परत यायला किती वेळ लागला यावरून जोड किती फुटांवर आहे तेही कळतं. एवढ्या माहितीवर मीटर आपल्या छोट्या पडद्यावर लिहितं, ‘ओट्याच्या उजवीकडचा पॉइंट तपासून घ्या’, आणि तापमान फार वाढलं तर वीज तोडतं. लोक त्याला टिचकी मीटर म्हणतात. कंपनीने ठेवलेलं नाव कुणाच्या लक्षात नाही.

भौतिकशास्त्रात एम.एस्सी. करून मी वीज कंपनीच्या पुण्यातल्या विश्लेषण केंद्रात लागले, त्याला दोन वर्षं झाली. या मीटरांनी ऐकलेलं सगळं आमच्याकडे येतं. गरम जोडांचे आमच्या नोंदीत दोन प्रकार होते. पहिला सैल स्क्रूचा, त्याचा प्रतिध्वनी थरथरतो. दुसरा सॉकेटमधली पितळी पात ढिली पडल्याचा, त्याचा प्रतिध्वनी पिन काढली-घातली की उडी मारतो. दोन्ही मीटर बिनचूक ओळखायचं.

मार्चमध्ये कराडजवळ मलकापुरात एका स्वयंपाकघरातला बोर्ड जळाला. घरातल्या बाईंनी शेगडी ओढून बाजूला घेतली, त्यात त्यांचा उजवा हात कोपरापर्यंत भाजला. मीटरने वीज तोडली होती, पण त्याआधीचा इशारा फक्त नऊ सेकंदांचा होता.

माझे वरिष्ठ दाभाडे साहेब फाइल घेऊन माझ्या टेबलाशी आले. “कलईगर, तू कराडची ना? बघ जरा. मीटर झोपलं होतं का?”

मीटर झोपलं नव्हतं, त्याला सवय झाली होती. पावसाळ्यात भिंती ओल धरतात, उन्हाळ्यात तारा प्रसरण पावतात. प्रतिध्वनी ऋतूप्रमाणे थोडा बदलतोच. रोज खोटा इशारा देत बसू नये म्हणून मीटर दर आठवड्याला ‘या घरात साधारण काय असतं’ याचा आपला अंदाज दुरुस्त करतं. एखादा जोड दर आठवड्याला केसभर बिघडत गेला, तर मीटर ते बिघडणंच साधारण समजतं. मी मलकापूरच्या जोडाचा मार्चमधला प्रतिध्वनी मीटर बसवलं त्या दिवशीच्या प्रतिध्वनीशी ताडून पाहिला. मधल्या सात वर्षांत एकही थरथर नव्हती, एकही उडी नव्हती. नुसता सावकाश, एकसारखा चढ होता.

ही तुलना मी राज्यातल्या सगळ्या मीटरांवर चालवली. तसाच चढ असलेले चार हजार सातशे जोड सापडले. मी त्यांना प्रकार तीन म्हटलं. त्यांतले सुमारे तीन हजार नुसत्या कराड आणि पाटण तालुक्यांत होते, बाकीचे राज्यभर विखुरलेले.

मी हवेतली आर्द्रता तपासली, सॉकेटच्या कंपन्या तपासल्या, तारेची जाडी तपासली, कशाशीच मेळ बसेना. मग एक रकाना उरला. नवं कनेक्शन घेताना वायरमनच्या सहीचा चाचणी अहवाल लागतो, आणि त्यावर त्याचा परवाना क्रमांक असतो. त्या रकान्यावर यादी लावली तेव्हा तीन हजार जोडांमागे फक्त सात क्रमांक निघाले. सहा अनोळखी होते. सातवा मला पाठ होता. नववीत असल्यापासून अब्बांचे फॉर्म मीच भरत आले आहे.

मी उठून पाणी पिऊन आले आणि यादी पुन्हा लावली. तीच आली. उरलेल्या सहा क्रमांकांची नावं काढली. सहाही जण अब्बांच्या हाताखाली शिकलेले होते.

माझे वडील, उस्मान कलईगर, निष्काळजी वायरमन असते तर प्रश्न सोपा होता. पण त्यांनी केलेला बोर्ड उघडला तर आतल्या तारा भांगासारख्या एका बाजूला विंचरलेल्या दिसतात. स्क्रूच्या खाचा सगळ्या उभ्या. कराडमध्ये घर विकताना लोक सांगतात, वायरिंग चाचांच्या हातचं आहे. घरातल्या दुसऱ्या कुठल्या पॉइंटसाठी मीटरने पिवळा इशारा दिला की लोक त्यांनाच बोलावतात. ते येतात, सगळेच स्क्रू पुन्हा आवळतात, आणि जोड दीड-दोन वर्षं थंड राहतो. हेही मला आकड्यांत दिसत होतं. अशा घरांत चढ मध्येच खाली यायचा आणि पुन्हा सुरू व्हायचा.

शनिवारी मी घरी गेले. अब्बा कामावर होते. मी मेन बंद केला, ओट्यावरचा पॉइंट उघडला आणि बॅटरीच्या उजेडात बघत राहिले.

“त्यांना विचारलंस का?” अम्मीने मागून विचारलं.

“नुसतं बघतेय.”

“त्यांचा बोर्ड आजवर कुणी उघडला नाही. कंपनीच्या साहेबानेसुद्धा.”

तारेचं टोक चंदेरी होतं. स्क्रूच्या दाबाने ते चपटं झालं होतं आणि कडेला चघळलेल्या च्युइंगमसारखं पसरलं होतं. मी स्क्रूला पेचकस लावला. तो पाऊण वळसा सहज फिरला. अब्बांनी स्क्रू सैल सोडला असेल हे अशक्य होतं. स्क्रू जागेवर होता, त्याच्या खालचं सरकलं होतं.

हे टोक चंदेरी का होतं ते मला लहानपणापासून माहीत होतं, फक्त त्याकडे मी कधी कारण म्हणून पाहिलं नव्हतं. माझे आजोबा गावोगाव भाता घेऊन फिरायचे. तांब्या-पितळेची भांडी तापवायची, नवसागर टाकायचा, कथलाचा तुकडा फिरवायचा, कापसाच्या बोळ्याने पुसलं की भांडं आतून चांदीसारखं. अब्बा सहाव्या वर्षापासून भाता मारायचे. मग घरोघर स्टील आलं आणि कल्हई संपली. अब्बांनी आयटीआयमधून वायरमनचा कोर्स केला, पण आजोबांचं एक वाक्य त्यांच्या हातात राहिलं: उघडं तांबं कळकतं. बिनकल्हईच्या भांड्यात आमटी कळकते, तशी त्यांच्या मते उघडी तारही हवेने कळकणार. म्हणून पिळलेल्या तारेच्या प्रत्येक टोकाला ते सोल्डरचा, म्हणजे कथील आणि शिशाच्या मिश्रणाचा हात देतात आणि मगच ते स्क्रूखाली घालतात. दुसरे वायरमन हे करत नाहीत, कारण त्याला प्रत्येक जोडामागे पाच मिनिटं जास्त लागतात.

तांबं कळकतं हे खरं आहे. पण हे मिश्रण मऊ आहे. दाबाखाली ठेवलं तर ते खोलीच्या तापमानालाही हळूहळू वाहतं, जशी गुळाची ढेप उन्हाळ्यात आपल्याच वजनाने बसते. उघड्या तारेचे तंतू स्क्रूखाली स्प्रिंगसारखे उलट दाब देत राहतात. कल्हई केलेलं टोक दाब देत नाही, बाजूला सरकतं. दाब कमी झाला की रोध वाढतो, रोध वाढला की उष्णता वाढते, आणि उष्णतेने मिश्रण आणखी वेगाने सरकतं. पंखा किंवा मिक्सर असेल तर या गोष्टीला चाळीस वर्षं लागतील. इंडक्शनने ती आठ-दहा वर्षांवर आणली.

हा तर्क होता. प्रयोग बाकी होता.

संध्याकाळी अब्बा आले तेव्हा मी त्यांच्यापुढे वीस नवे सॉकेट ठेवले. “कामासाठी हवेत. दहा जोड तुमच्या पद्धतीने, दहा बिनकल्हईचे.”

“बिनकल्हईचे मी करणार नाही. अर्धवट काम मला सांगू नकोस.”

“मग ते मी करते.”

आम्ही जमिनीवर समोरासमोर बसून जोड केले. त्यांचे दहा झाले तेव्हा माझे चार झाले होते. त्यांनी त्यातला एक उचलून चष्म्याजवळ नेला.

“हे काय केलंस? तार आहे का केरसुणी?”

“घट्ट आहे ना?”

“केरसुणीपण घट्ट बांधतात. बेटा, एवढं शिकलीस, तंतू एका दिशेने पिळायचे एवढं तरी शिकायचं.” त्यांनी माझे जोड सोडून पुन्हा नीट पिळून दिले, फक्त आवळायचे माझ्याकडे ठेवले. हसत होते. कशासाठी हवेत हे त्यांनी विचारलं नाही, आणि मी सांगितलं नाही.

पुण्यात मी वीसच्या वीस जोड चाचणीच्या टेबलावर लावले. वीस मिनिटं पूर्ण भार, दहा मिनिटं विश्रांती, असं अखंड. भोवतालचं तापमान साठ अंश. एकवीस दिवसांत हजारावर चक्रं झाली. पहिले नऊ दिवस दोन्ही गट सारखेच होते. दहाव्या दिवशी अब्बांचा तिसऱ्या क्रमांकाचा जोड इतरांपेक्षा दोन अंशांनी वर गेला. एकविसाव्या दिवशी त्यांच्या दहापैकी नऊ जोड पंचवीस ते चाळीस अंशांनी जास्त तापलेले होते. माझे दहाही होते तिथेच होते.

मी दाभाडे साहेबांना निष्कर्ष दाखवला आणि सातवा क्रमांक माझ्या वडिलांचा आहे हेही सांगितलं. त्यांनी बराच वेळ आलेखाकडे पाहिलं.

“मग सही मी करतो. लिही तूच, तुझ्याइतकं नीट कुणी लिहिणार नाही. पण एक लक्षात घे. मीटरच्या पुढचं वायरिंग ग्राहकाचं असतं. कुणाच्या घरात जाऊन आपल्याला बोर्ड उघडता येत नाही. त्यांनी हो म्हणायला हवं. आणि जोड पुरता तापायच्या आत मीटर ओरडणार नाही, ते तूच सिद्ध केलंस.”

“मीटरमध्ये दुरुस्ती होईल ना?”

“होईल. परवानग्या धरून आठ-नऊ महिने. आणि उन्हाळा तर सुरूच आहे.”

आकडा मी आधीच काढला होता. त्या आठ-नऊ महिन्यांत तीन हजारांपैकी साधारण चाळीस जोड मलकापूरच्या जोडाच्या वाटेने जाणार होते. कोणते चाळीस, ते सांगता येत नव्हतं.

पुढच्या शनिवारी मी टेबलावरचे वीस जोड डब्यात भरून कराडला नेले आणि घरातच दोन तास भाराखाली ठेवले. मग मेन बंद करून अब्बांना म्हटलं, “हात लावून बघा.”

त्यांनी बोटांची मागची बाजू लावली. वायरमन तळहात लावत नाहीत. चुकून झटका बसला तर मूठ आत वळते आणि तार सुटत नाही. त्यांनी एकेक जोड तपासला. दोनदा.

“तुझे थंड आहेत,” ते म्हणाले.

“हो.”

“माझे सगळे?”

“दहापैकी नऊ.”

“आणि दहावा?”

“आणखी काही चक्रं झाली की तोही.”

मी त्यांना सगळं सांगितलं. ढेपेचं उदाहरण दिल्यावर त्यांनी मान हलवली. त्यांना आधीच कळलं होतं. कथील कसं वाहतं हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं, फक्त विझलेल्या भट्टीवरही ते वाहत राहतं हे माहीत नव्हतं.

“मलकापूरची ती बाई,” ते म्हणाले. “तो पॉइंट माझाच?”

“अकरा वर्षांपूर्वीचा.”

अम्मी दारात उभी होती. “तुला महिनाभर माहीत होतं. त्यांच्याकडूनच जोड करून घेतलेस आणि एक शब्द बोलली नाहीस.”

“पुरावा नव्हता.”

“बापाकडे यायला पुरावा लागतो?”

लागतो असं मला तेव्हा वाटत होतं. आताही वाटतं. पण अम्मी त्यानंतर दोन दिवस माझ्याशी फक्त जेवणापुरतं बोलली.

“पोरीचं बरोबर आहे,” अब्बा अम्मीला म्हणाले. “नुसतं सांगितलं असतं तर मी ऐकलं नसतं.” मग त्यांनी माझ्याकडून यादी मागितली.

त्यांची कल्पना साधी होती. दारोदार जायचं, चूक सांगायची, टोक कापायचं, नवं उघडं टोक आवळायचं. एका घराला अर्धा तास. त्यांनी आपल्या सहा शिष्यांनाही तेच सांगितलं. मी आठवडाभर रजा घेतली आणि त्यांच्याबरोबर निघाले. लोक रागावतील, एवढीच आम्हाला काळजी होती.

कुणीही रागावलं नाही.

पहिलं घर कराडमधल्याच पाटण कॉलनीत मालन डुबल यांचं. त्या निवृत्त मुख्याध्यापिका, एकट्या राहतात. अब्बांनी त्यांच्या ओट्याचं वायरिंग केलं त्याला नऊ वर्षं झाली. आमच्या यादीत त्यांचा जोड बराच वर होता. मीटरवर हिरवा दिवा होता.

“अहो चाचा, चांगलं चाललंय की सगळं. कशाला उघडता?”

“बाई, माझं काम चुकलंय.”

“तुमचं?” डुबलबाई हसल्या. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि हसू आवरलं. “कंपनीने काही दबाव आणला का तुमच्यावर? नवे सॉकेट खपवायचे असतील.”

“तसं काही नाही, बाई,” मी म्हटलं. “प्रयोग मीच केलाय. तापमान बघा ना.” मी आलेख दाखवला. त्यांनी तो वह्या तपासाव्यात तसा तपासला.

“निलोफर, तू माझ्या शाळेत होतीस. तू खोटं बोलणार नाहीस. पण यंत्रं चुकतात. ह्यांचं काम मी तीस वर्षं बघतेय. शाळेचं वायरिंग ह्यांचंच. एक फ्यूज उडाला नाही.” मग अब्बांना म्हणाल्या, “पोरीच्या नोकरीसाठी स्वतःच्या कामाला नावं ठेवू नका. बसा, चहा टाकते.”

त्यांनी चहा त्याच पॉइंटवर केला. अब्बा शेगडीच्या पिनेकडे बघत बसले होते. कप हातात घेतला, पण प्यायले नाहीत.

सगळीकडे थोड्याफार फरकाने हेच झालं. एक जण म्हणाला, चाचा थकलेत, आता वयाने शंका येतात. दुसऱ्याने बोर्ड उघडू दिला, चंदेरी टोक पाहिलं आणि म्हणाला, एवढं सुबक काम कापायचं? राहू द्या. आठ दिवसांत आम्ही एकशे साठ दारं वाजवली. बोर्ड तेवीस जणांनी उघडू दिला, त्यांतले निम्मे निव्वळ चाचांचं मन राखायला. शिष्यांचा अनुभव याहून वाईट होता. त्यांना लोक सांगत, “आम्ही चाचांनाच विचारू.”

चूक मान्य करण्याची तयारी अब्बांनी केली होती. चूक मान्य करून घ्यायला कुणी तयार नसेल, याची नव्हती.

रविवारी हणमंत येडगे घरी आला. तो अब्बांचा सर्वांत जुना शिष्य, आता स्वतःचं दुकान आहे. चप्पल काढतानाच बोलू लागला.

“चाचा, कंपनी मीटरवर वायरमनचे परवाना नंबर छापणार हाय म्हणं. खरं का?”

अब्बांनी माझ्याकडे पाहिलं. “तशी तरतूद आहे,” मी म्हटलं. “कोणत्या वायरमनचा जोड धोक्याचा आहे ते मीटरवर दाखवता येतं.”

“म्हंजे घराघरात माझं नाव. ताई, तुम्ही पुण्याला जाल. मला हितंच दुकान उघडायचंय. आन चाचा, राग मानू नका, पण मी माझ्या डोक्यानं कल्हई केली न्हाई. तुम्ही म्हणला, बिनकल्हईचा जोड केला तर दुकानात पाय ठेवू नको. दोनदा कानफटीत खाल्लीय मी त्यापायी.”

“एकदा,” अब्बा म्हणाले.

“दोनदा. एकदा बसस्टँडच्या लॉजवर.”

“ते तू मेन बंद न करता हात घातला होतास म्हणून.”

हणमंतने मान डोलावली. “ते हाय. पर हे न्हाई ना माझं.”

“नाही,” अब्बा म्हणाले. “हे तुझं नाही.”

तो गेल्यावर दाभाडे साहेबांचा फोन आला. अहवाल मंजूर झाला होता. “फक्त एक रकाना रिकामा आहे. दोषाचं नाव. प्रकार तीन असं किती दिवस म्हणणार? नाव दिलं की ते मीटरवर येतं, मग परवाना क्रमांक छापायची गरज नाही. मी ‘कथील-सरक’ असं लिहू का? नेमकं आहे.”

फोन स्पीकरवर होता. अब्बा ऐकत होते.

“साहेब,” ते म्हणाले, “कथील-सरक वाचून कुणी मेन बंद करणार नाही.”

“आपण कोण?”

“मी उस्मान. हिचा बाप.”

दाभाडे साहेब म्हणाले, “बोला.”

“लोक त्या जोडावर भरवसा ठेवतात, कारण तो माझा आहे. तो भरवसा मोडायचा तर नाव माझंच पाहिजे. कलईगर जोड लिहा. खाली माझं पूर्ण नाव लिहा, कराडचा वायरमन म्हणून. पोरांचे नंबर नकोत. त्यांनी जे केलं ते मी शिकवलेलं.”

“एकदा ते मानकात गेलं की निघत नाही. शिकणाऱ्या मुलांना ते पाठ्यपुस्तकात येईल. तुम्ही नसाल तेव्हाही राहील.”

“मग चांगलंच.”

“आणि तुम्हाला नवीन काम कुणी देणार नाही.”

“जुनंच संपायला चार-सहा महिने जातील,” अब्बा म्हणाले.

साहेबांनी माझं मत विचारलं. माझ्या मते दोषाचं नाव कारणावरून असावं, माणसावरून नसावं. शास्त्रीय दृष्टीने ‘कथील-सरक’ हेच योग्य होतं. मी तसं सांगितलं. मग हेही सांगितलं की नावाचा उद्देश लोकांनी बोर्ड उघडू देणं हा असेल, तर आठ दिवसांचे आकडे अब्बांच्या बाजूने आहेत. तेवीस भागिले एकशे साठ.

“म्हणजे काय लिहू?”

“कलईगर जोड.”

रात्री अब्बांनी संमतीपत्रावर सही केली. फॉर्म मी भरला. ‘नाव सार्वजनिक करण्याचे कारण’ या ओळीपाशी मी थांबले, तेव्हा ते म्हणाले, “लिही, जोड करणाराच सांगू शकतो की तो वाईट आहे.” ते वाक्य ओळीत मावत नव्हतं. मी ‘स्वेच्छेने’ एवढंच लिहिलं.

मंगळवारी सकाळी दहा वाजता कराड आणि पाटण तालुक्यांतल्या टिचकी मीटरांचे पडदे लाल झाले. अकरा हजार घरं. ज्यांच्या चाचणी अहवालावर त्या सातांपैकी कुणाचीही सही होती, ती सगळी. मजकूर मी लिहिला होता:

‘तुमच्या घरात कलईगर जोड असू शकतो. कराडचे वायरमन उस्मान कलईगर यांच्या पद्धतीने केलेला हा जोड काही वर्षांनी तापतो व पेट घेऊ शकतो. तपासून घेईपर्यंत इंडक्शन शेगडी वापरू नका.’

आमच्या घरातलं मीटरही लाल झालं. अम्मीने स्टुलावर चढून ते वाचलं, दुसऱ्यांदा वाचलं आणि खाली उतरून शेगडीची पिन काढली.

दहा वाजून चार मिनिटांनी पहिला फोन आला. मग ते थांबेनात. अब्बा प्रत्येकाला एकच सांगत होते. “हो. खरं आहे. मेन बंद करा, मी येतो.” काही जण शिव्या देत होते, स्पीकर नव्हता, तरी मला ऐकू येत होतं. एकाने विचारलं, माझ्या घरात लहान मूल आहे, तुम्हाला माहीत होतं का. “आता कळलं,” अब्बा म्हणाले. साडेअकराच्या सुमारास हणमंतचा फोन आला. त्याच्या दुकानापुढे बोर्ड उघडून मागणाऱ्यांची रांग लागली होती. त्याला दोन माणसं हवी होती. माझ्या पडद्यावर उघडलेल्या जोडांचा आकडा वाढत होता. मेन बंद झाला की मीटर गप्प होतं, त्यावरून तो कळतो. दुपारपर्यंत साडेतीनशे झाले.

डुबलबाईंचा फोन आला नाही. अब्बा दुपारी आपणहून त्यांच्याकडे गेले. मी पिशवी घेऊन मागे होते.

एरवी अब्बा कामाला आले की बाई घराची किल्ली त्यांच्याकडे देऊन बाजारात किंवा बँकेत निघून जायच्या. त्या दिवशी त्यांनी दार उघडलं, बाजूला झाल्या आणि आमच्या मागोमाग स्वयंपाकघरात आल्या. बसा म्हणाल्या नाहीत. ओट्याला टेकून, हाताची घडी घालून उभ्या राहिल्या.

अब्बांनी बोर्डाचे चार स्क्रू काढले. प्लेट पुढे आली. चंदेरी टोकाभोवतीचं प्लॅस्टिक तपकिरी पडलं होतं. बाई वाकल्या आणि त्यांनी ते नीट पाहिलं.

“मेन बंद आहे?” त्यांनी विचारलं.

“आहे, बाई. येतानाच केला.”

बाईंची नजर तारांवरून हलली नाही.  अब्बांनी खिशातला टेस्टर काढला, तो उलटा धरून मूठ बाईंपुढे केली आणि हात मागे बांधून बोर्डापासून दूर सरले.

डुबलबाईंनी चष्मा चढवला आणि एकेक तार स्वतः तपासली.